गोल्डविंगला मागे कारचा टायर: कुणी चालवलाय का?

दख्खनी_डॅलस

गाडी २०१० ची होंडा गोल्डविंग, जीएल १८००, सेकंडहँड. मागे बायको, दोन्ही बाजूंच्या डिक्या आणि वरची पेटी गच्च. आमचं फिरणं म्हणजे शनिवारी पहाटे निघायचं, आय-३० नाहीतर आय-३५ धरायचा आणि संध्याकाळपर्यंत हँडल सरळ. आमच्या भागात वळण लागलं की आम्ही उतरून फोटो काढतो.

मागचा टायर आता मधोमध टकला झालाय. कडेची नक्षी नवी कोरी, मधला पट्टा गुळगुळीत. मोटरसायकलचा नवा टायर बसवून घ्यायचा तर तीनशे डॉलरच्या पुढे सांगतात, आणि तोही आठ-दहा हजार मैलांत असाच होणार. रविवारी नाश्त्याला जमणाऱ्या इथल्या गोल्डविंगवाल्यांत दोन आजोबांच्या गाड्यांना मागे चक्क कारचा टायर आहे. १९५/५५ आर१६, रनफ्लॅट, म्हणजे हवा गेली तरी गाडी उभी ठेवणारा. ‘डार्कसाइड’ म्हणतात या प्रकाराला. दोघांचं म्हणणं, एकदा लावला की परत फिरणं नाही, तीस हजार मैल बघायला नको. त्यांच्याच टेबलावरचा तिसरा म्हणतो, हे दोघं वेडे आहेत, एक दिवस पावसात जातील.

इंग्रजी फोरमवर हा विषय निघाला की दोन पानांत हाणामारी होते आणि धाग्याला कुलूप लागतं. म्हणून इथे विचारतोय. रिमवर नीट बसतो का? मागे माणूस असताना चालतो का? आर्कान्सासला ओझार्कच्या डोंगरात, पिग ट्रेल नावाच्या वळणावळणाच्या रस्त्यावर जायचं ठरतंय, तिथे काय होईल? पावसाचं काय? जाणकारांनी प्रकाश टाकावा. ‘गाडी विका आणि कार घ्या’ हा सल्ला घरातून मिळालेला आहे, तो परत नको.

पाणीपुरी_रायडर

वाचतोय. चुरमुरे घेऊन बसलोय.

पाना_नंबर_दहा

दख्खनी, मी टेनेसीत नॉक्सव्हिलला असतो. माझ्या जीएल १८०० ला मागे कारचाच टायर आहे. पहिला झिजल्यावर दुसराही कारचाच लावला, तेव्हा मला पक्षपाती समजूनच वाचा. तरी तुम्हाला मी ‘लावू नका’ म्हणणार आहे, निदान ओझार्क होईपर्यंत तरी.

आधी मापं, कारण यावर फार फेकाफेक चालते. तुमच्या गाडीचा मूळ टायर १८०/६० आर१६, म्हणजे रुंदी १८० मिलिमीटर, बाजूची उंची त्याच्या ६० टक्के, रिम १६ इंची. त्याची बाहेरची उंची साधारण ६२२ मिलिमीटर. १९५/५५ आर१६ ची ६२१. म्हणजे स्पीडोमीटरला कळतसुद्धा नाही चाक बदललंय ते. याच योगायोगावर गोल्डविंगवाल्यांचा हा सगळा पंथ उभा आहे. १६ इंची मागचं चाक, शाफ्ट ड्राइव्ह असल्यामुळे मध्ये चेन येत नाही, आणि कारच्या चाकासारखे नट खोलले की चाक हातात. चारशे किलोच्या वरची गाडी, त्यावर दोन माणसं आणि सामान, त्यामुळे मागचा टायर भराभर संपतो. म्हणून हे खूळ स्पोर्टबाइकवाल्यांत दिसत नाही, आमच्यासारख्या पोट सुटलेल्यांत दिसतं.

वजनाचंही गणित मोहात पाडणारं आहे. मूळ टायरवर ७४ लिहिलेलं असतं, म्हणजे ३७५ किलो पेलणार. १९५/५५ वर ८७ असतं, म्हणजे ५४५ किलो. टायर गरम कमी होतो, पाण्याला निचरा करायला खोल खाचा असतात, सरळ रस्त्यावर ब्रेक मारला तर चपटा पट्टा पुरता टेकलेला असतो. आजोबा सांगतात त्यात खोटं काही नाही.

आता वळण. मोटरसायकलचा टायर आडवा कापला तर गोल दिसतो. वळताना गाडी एका अंगाला झोपवली की तो कडेवर लोळत जातो आणि वळणाच्या आत ढकलणारा जोर त्यातूनच मिळतो. कारचं चाक जन्मभर उभं राहायचं, या हिशेबाने तिचा टायर बनवतात. तो झोपवलात की जमिनीला टेकलेला भाग आतल्या खांद्याकडे सरकतो आणि गाडी आपणहून उभी राहायला बघते. म्हणून आतल्या हँडलवरचा दाब वळण संपेस्तोवर सोडता येत नाही. सोडला की गाडी सरळ.

आमच्या जवळच यूएस १२९ वर ‘टेल ऑफ द ड्रॅगन’ आहे. ११ मैल, ३१८ वळणं. तिथे कारच्या टायरवर, पाय ठेवायचे पायटे रस्त्याला घासत जाणाऱ्या गोल्डविंग मी डोळ्यांनी पाहिल्यात, तेव्हा ‘पहिल्या वळणाला पडाल’ ही थाप समजा. मीही जातो. पण डावं वळण संपून लगेच उजवं आलं की मधे गाडी त्या सपाट पट्ट्यावर येऊन क्षणभर थबकते, मग ढकलून तिला दुसऱ्या खांद्यावर चढवावी लागते. गोल टायरला हा थांबा नसतो. पहिल्या दहा वळणांत मजा वाटते. शंभराव्याला मनगटं बोलायला लागतात, आणि माणूस दमला की दाब नेमका नको तिथे सुटतो.

त्याहून वाईट म्हणजे संथ वेग. ट्रकांनी पाडलेल्या चाकोऱ्या, डांबराच्या दोन थरांमधली पायरी, पेट्रोल पंपातून बाहेर पडतानाचा तिरका उतार. गोल टायरला अशा जागी काही वाटत नाही. चपट्याची एक कड आधी टेकते आणि गाडी बांधाकडे तोंड टाकणाऱ्या बैलासारखी ओढ घेते. एकटा असलो तर पाय टाकून सावरतो. मागे वहिनी आणि भरलेली पेटी असताना चालण्याच्या वेगात ती ओढ अचानक आली तर? इथले बहुतेक कारटायरवाले लोळलेत ते पार्किंगमध्ये. हाड मोडत नाही, पण आरसा, पेटी आणि संसार तिन्हींवर ओरखडा येतो.

रिमवर बसवण्याचं सांगतो. मोटरसायकलची दुकानं हात लावत नाहीत, कारण उद्या काही झालं तर वकील आधी बसवणाऱ्याची गचांडी धरतो. म्हणून लोक घरीच बसवतात. मीही गॅरेजमध्ये टॉमी आणि साबणाचं पाणी घेऊनच बसवला. कारचा टायर बसवताना ४० पीएसआयच्या वर हवा मारू नये असा दंडक आहे. मोटरसायकलच्या रिमवर एक बाजू पटकन बसते, फट् असा आवाज येतो. दुसरी रुसते. इथे लोक ५०, ६०, ७० करत जातात आणि तोंड चाकाजवळच! आतली तार तुटली तर टायर बॉम्बसारखा उडतो, माणसं गेलेली आहेत. रुसली तर हवा सोडा, परत साबण लावा, चाक फिरवून बसवा. कडेपासून बोटभर अंतरावर टायरवर एक बारीक उंच रेघ असते. ती रिमपासून सगळीकडे सारख्याच अंतरावर दिसली पाहिजे. मी स्टीलची पट्टी लावून आठ ठिकाणी बघतो. एके ठिकाणी जरी रेघ आत गेलेली दिसली तरी तो टायर रस्त्यावर न्यायचा नाही.

हवा किती ठेवायची यावर आमच्या पंथातच चार उपपंथ आहेत. मूळ टायरला होंडा ४१ सांगते. कारच्या टायरला बरेच जण तिशीच्या आसपास आणतात, कारण बाजू मऊ झाली की गाडी सहज झोपते. मी दोन-दोन पीएसआयने उतरवत हाताला बरं वाटेल तिथे थांबलो. माझा आकडा मुद्दाम देत नाही, कारण तो माझ्या टायरचा आणि माझ्या वजनाचा आहे.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या जुन्या टायरवरच आहे. मधोमध टकला, कडा कोऱ्या. म्हणजे तुमच्या हाताला झोपवायची सवयच नाही. आणि तुम्ही विचारताय, नवा, उलट्या स्वभावाचा टायर घालून, बायकोला मागे बसवून पहिल्यांदाच डोंगरात जाऊ का! आधी ओझार्क मोटरसायकलच्या टायरवर करा. परत आल्यावर हायवेच हायवे करायचे असले तर मग बोलू. आणि एक, स्वस्त पडतो म्हणून लावणार असाल तर मुळीच लावू नका. दोनशे डॉलर वाचवायला घेतलेली गोल्डविंग मी अजून पाहिली नाही.

चाकणकर

पोटापाण्यासाठी टायरच करतो, म्हणून राहवलं नाही. पाना यांनी बसवण्याबद्दल नीट लिहिलंय, पण ५४५ किलोवर माझा आक्षेप आहे. तो आकडा योग्य रुंदीच्या रिमवर, उभ्या चाकासाठी असतो. १९५/५५ आर१६ ला चालणारी रिम साडेपाच ते सात इंच. जीएल १८०० ची मागची रिम पाच इंच. म्हणजे टायर चिमटून बसवलाय. चिमटल्यावर मधला पट्टा थोडा फुगतो आणि वळायला उलट बरं वाटतं, हे खरं. पण त्या अवस्थेत त्या टायरची चाचणी बनवणाऱ्याने घेतलेली नसते. आमच्याकडे ज्याची चाचणी नाही त्याला आकडा नाही.

दुसरं, टायरवर १६ च्या पुढे ‘एम/सी’, म्हणजे मोटरसायकल, अशी अक्षरं असतात ती शोभेला नाहीत. दोन्हीकडे ‘१६ इंच’ लिहिलेलं असलं तरी मोटरसायकलची रिम आणि कारची रिम यांची कड जिथे बसते तिथला आकार वेगळा असतो. सरमिसळ होऊ नये म्हणूनच ती अक्षरं. हवा असेपर्यंत टायर धरून बसतो. प्रश्न हवा गेल्यावरचा आहे.

पावसाचं उत्तर कुणी दिलं नाही म्हणून देतो. विमानांच्या टायरवरच्या कामातून १९६० च्या दशकात नासाच्या लोकांनी एक सूत्र काढलं: पाण्यावर तरंगायला लागण्याचा वेग, मैल ताशी, म्हणजे १०.३५ गुणिले हवेच्या पीएसआयचं वर्गमूळ. ४१ ला येतात ६६ मैल, ३० ला ५७. सूत्र विमानाचं आहे, तुमच्या टायरला खाचा आहेत, पाणी किती साचलंय यावरही आहे, तेव्हा आकडे जसेच्या तसे धरू नका. पण दिशा तीच. हवा कमी करून गाडी झोपायला सोपी केली, तर साचलेल्या पाण्यात ती लवकर तरंगणार. त्यात गोल टायर पाणी कापत जातो आणि चपटा ते पुढे ढकलत जातो. टेक्ससचा वादळी पाऊस आणि ७० चा वेग, हे बघा.

पाना_नंबर_दहा

चाकणकर, रिमच्या रुंदीचं मान्य. ते मी लिहायला हवं होतं असं तुम्ही म्हणालात तर तेही मान्य. पण हवा गेल्यावरच्या प्रश्नासाठीच आम्ही रनफ्लॅट घेतो, त्याची बाजूच इतकी जाड की हवा नसतानाही गाडी उभी राहते. साधा कारचा टायर लावणाऱ्यांशी माझं जमत नाही.

आणि एक बाजू लिहा की राव. लांब पल्ल्याच्या गोटात, चोवीस तासांत हजार मैल करणाऱ्यांत, कारचा टायर लावलेले लोक वर्षानुवर्षं फिरताहेत. चाचणी नाही हे बरोबर, पण अगदी अंधारात उडी मारल्यासारखंही नाही.

चाकणकर

फिरताहेत ते दिसतात. ज्यांनी सोडून दिलं ते फोरमवर लिहायला येत नाहीत. असो, एवढ्यावर थांबतो. रनफ्लॅटची जाड बाजू रिमच्या अनोळखी कडेवर कशी वागेल, यावर आपलं एकमत होणार नाही.

तीनचाकी_श्टुटगार्ट

इथे जर्मनीत हा वादच नाही. दोनचाकीला मागे कारचा टायर लावून तपासणीला गेलात तर गाडी घरी ढकलत न्यावी लागेल. मात्र साइडकार जोडलेल्या गाडीला, जिला इथे गेश्पान म्हणतात, कारची चाकं आणि टायर रीतसर कागदावर चढवून मिळतात. माझ्या गाडीला आहेत. कारण साधं आहे, साइडकारवाली गाडी झोपतच नाही. तिला वळवायचं म्हणजे कारसारखं हँडल फिरवायचं, आणि बाजूने येणारा रेटा गोल टायरला झेपत नाही, तो दोन महिन्यांत चौकोनी होतो. गोल्डविंगची तीनचाकी ट्राइक करतात तिलाही मागे कारचेच टायर असतात ते त्यामुळेच.

अवांतर: दिल्लीत चांदणी चौकाकडे जाणाऱ्या फटफट्या आठवतात का कुणाला? युद्धातल्या जुन्या हार्ले, मागे दोन चाकं आणि बाकडी. प्रदूषणापायी १९९८ च्या सुमारास बंद झाल्या. त्याही तीनचाकी, म्हणून झोपायचा प्रश्नच नव्हता.

बुलेट_भोर

इथे बुलेटला जमेल का हो? भोर-महाड घाटात टायर फार खातो.

पाना_नंबर_दहा

नाही. नव्या क्लासिकचं मागचं चाक १८ इंची, टायर १२०/८०. त्या मापाचा अरुंद कारचा टायर मिळणं मुश्कील. जुन्या बुलेटला तारांचं चाक आणि ट्यूब, तिथे तर नावच काढू नका. शिवाय वरंध घाटात ज्या गाडीला झोपता येत नाही ती गाडी नको. कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम गाडीत केलेल्या बदलांबद्दलच आहे. घाटात टायर खातोय तर आधी हवा तपासा, चेनच्या खुणा दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का बघा. चाक तिरकं बसलेलं असतं बऱ्याचदा.

दख्खनी_डॅलस

सगळ्यांचे आभार. हा धागा बायकोला वाचून दाखवला. संसारावरच्या ओरखड्यापाशी ती थांबली आणि निर्णय तिथेच झाला. मोटरसायकलचाच मागवलाय, मधे कडक रबर आणि कडेला मऊ असा दुहेरी मिळाला. आजोबांना सांगितलं तर म्हणाले, येशील आमच्याकडे, घाई नाही.

दोन शंका राहिल्या. बसवल्याबरोबर पिग ट्रेलला गेलो तर चालेल? आणि पुढचा टायर अजून बरा दिसतोय, तो ठेवू का?

पाना_नंबर_दहा

लगेच नको. नव्या टायरला वरून तुळतुळीत थर असतो, तो जाईपर्यंत धरत नाही. पहिले शंभर मैल हळूहळू झोपवत जा, एकदम नाही. डॅलसमध्ये वळण नाही म्हणता, तर रविवारी सकाळी एखाद्या मोठ्या दुकानाचं रिकामं पार्किंग गाठा आणि मोठे गोल मारा, दोन्ही बाजूंनी. वहिनींना तेव्हा घरी राहू द्या.

पुढच्याची नक्षी नुसती बघून चालत नाही. तळहात एकदा पुढून मागे आणि एकदा मागून पुढे फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं लागलं तर बदला, डोंगरात तो हँडल हलवेल. बाजूला चार आकडे असतात, आठवडा आणि वर्ष, तेही बघा. सेकंडहँड गाडी आहे, टायर कोणत्या काळातला आहे कुणास ठाऊक. आणि मागच्या चाकाचे नट दुकानात टॉर्क रेंचने आवळतात का, तिथे उभं राहून बघा. नुसती एअर गन लावून सोडून देणारे खूप आहेत.

दख्खनी_डॅलस

तळहात फिरवला. करवत आहे. चार आकडे २२१४. दोन्ही मागवतो.

पाणीपुरी_रायडर

२०१४ चा बाविसावा आठवडा! अहो, पुढचा टायर मुंजीला आला की तुमचा.